पॉवर प्रेस आणि कामगाराची बोटे



आपल्या दारातल्या दुचाकीमध्ये पत्र्याचे जे असंख्य लहान भाग असतात, त्यांतील बहुतेक पॉवर प्रेसवर तयार होतात. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड येथील लहान कारखान्यांतून हे प्रेस दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत धडधडत असतात. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगात कामगारांची बोटे मोठ्या प्रमाणावर तुटतात, ती याच यंत्रावर. मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेले अहवाल हेच सांगतात.

असा अपघात झाला की 'कामगाराचे लक्ष नव्हते' असा शेरा मारला जातो. यंत्राची रचना पाहिली म्हणजे या शेऱ्यातील अन्याय ध्यानात येतो. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये जड चाक अखंड फिरत असते. पायाखालची पट्टी दाबली की क्लचमधील चावी चाकात अडकते आणि रॅम खाली येतो. एकदा चावी अडकली की फेरा पूर्ण झाल्याखेरीज रॅम थांबत नाही. मध्येच थांबविण्याची सोयच नाही. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पट्टी न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कारागीर त्याला 'डबल मारला' म्हणतात. त्या क्षणी हात डायमध्ये असेल, तर लक्ष असून काय उपयोग?

म्हणून पहिला उपाय हाच, की हाताला डायमध्ये शिरण्याचे कारणच उरू नये. चिमटा, चुंबकाची कांडी, पत्रा सरकवत नेणारी डाय आणि भोवती पक्की जाळी यांचा खर्च फारसा नाही. पायाच्या पट्टीऐवजी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे बसविली, तर दोन्ही हात रॅमपासून दूर राहतात. मात्र झिजलेल्या चावीवर हा इलाज नव्हे, तिची नियमित तपासणीच हवी. काही मालक जुन्याच प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा बसवून निश्चिंत होतात. मध्येच थांबू न शकणाऱ्या यंत्राला हात आत आल्याचे कळून तरी ते काय करणार? त्यासाठी हवेवर चालणारा घर्षण क्लचच पाहिजे.

अनेकदा जाळी असतेही, परंतु ती कोपऱ्यात पडलेली असते. नगावर मजुरी, वाढीव पाळी, काल हमालीला आलेला मुलगा आज प्रेसवर! खंडेनवमीला त्याच प्रेसला झेंडूची माळ चढते. त्या दिवशी यंत्र झाडून-पुसून निघते. त्याच वेळी क्लच उघडून चावीही पाहिली, तर पूजेला अर्थ येईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी एक हजार कामगारांची अट होती, ती आता पाचशेवर आली. हे स्वागतार्ह. पण विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. आणि प्रेस बहुधा याच लहान शेडमध्ये असतात.

बोटाची किंमत कायद्याने कधीच ठरवून ठेवली आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटते असे धरले होते. तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळीला ७. लोहाराला किंवा फिटरला हा हिशेब कोणी विचारला नव्हता!

राज्य विमा योजनेत कामावरील इजेच्या लाभासाठी किमान नोकरीची अट नाही; पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. म्हणून नाव पहिल्याच दिवशी नोंदलेले हवे, अपघातानंतर धावपळ करून नव्हे. आणि बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. जखमीबरोबर ते तत्काळ रुग्णालयात पोहोचले, तर पुन्हा जोडले जाण्याची शक्यता असते. हा कागद प्रेसशेजारील भिंतीवर, तेथील कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लावावा. हिंदी, ओडिया, जी असेल ती.