ओळखीची बाग
(सूस येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु वस्तूची ओळख कशी पटवावी, हा शिक्षकाचा विषय होय. त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

२०२० सालच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी, असा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी घेतलेली वेल गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकेल, असे आयुष मंत्रालयाने उत्तर दिले. वादाचा निकाल तज्ज्ञांनी लावावा. आपण बोध घ्यावा तो इतकाच की, वनस्पती न ओळखता घेणे जिवावर बेतू शकते.

दोन्ही वेलींची पाने हृदयाकृती असतात; मात्र त्या दुसरीच्या खोडावर दाट गाठी असतात. चित्रात हा भेद सहज निसटतो, बोट फिरविल्यास कळतो. ब्राह्मीचेही तसेच. कोणी जाडसर, इवल्या पानांच्या जलनीमेस ब्राह्मी म्हणतात, कोणी वाटोळ्या पानांच्या मंडूकपर्णीस. नाव एक, वनस्पती दोन! शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ कितीही वाचला तरी पानाचा स्पर्श व वास ग्रंथातून मिळत नाही. म्हणूनच आयुर्वेद महाविद्यालयांना वनौषधींची बाग ठेवावी लागते.

आपले सूस २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. बांधावरचा आघाडा, टाकळा, निर्गुडी इमारतींच्या पायाखाली जात आहेत. आपल्या वृद्ध मातांना त्या ओळखता येतात. नातवंडांना येत नाहीत. ही ओळख त्यांच्याबरोबरच जाऊ द्यावयाची काय?

माझी सूचना अशी : संस्थेने थोडी जागा द्यावी व प्रत्येक कुटुंबाने एक रोप आणावे. जाणत्या वैद्याने किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने पारखल्यावाचून एकाही रोपास पाटी लावू नये. पाटीवर मराठी, संस्कृत व शास्त्रीय अशी तिन्ही नावे असावीत. फसविणाऱ्या जोड्या शेजारी लावाव्यात. कण्हेर, धोत्रा ही विषारी झाडे कुंपणाआड, तांबड्या पाटीसह असावीत. आणि दारावर लिहावे : ‘ही बाग ओळखण्यासाठी आहे, औषध वैद्यास विचारूनच घ्यावे.’

पहिले रोप मी आणीन. पाणी घालण्यास मात्र आपली नातवंडे पाठवावीत. इतके बोलून आपली रजा घेतो.