चित्र चपटं का दिसतं? एकरंगी अंडरपेंटिंगबद्दल थोडं

चित्रकला शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो : "रंग चांगले आणले, रेखाटनही बरं आहे, तरी चेहरा चपटाच दिसतो. असं का?" आजचा भाग त्यावर.

बघा, थेट रंगात काम करताना प्रत्येक फटकाऱ्याला आपण दोन निर्णय एकदम घेतो. रंग कोणता, आणि तो किती उजळ किंवा गडद. नवशिक्याचं लक्ष पहिल्याकडे जातं आणि दुसरा निसटतो. जुन्या चित्रकारांनी ही दोन कामं वेगळी केली. आधी एकाच रंगात सगळा छायाप्रकाश बसवायचा, तो वाळू द्यायचा, मग वर रंग चढवायचा. राखाडीत केलं तर ग्रिझाय, हिरवटात केलं तर व्हर्डाचो.

नावं युरोपातली असली तरी गोष्ट परकी नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने 1909 ते 1911 मधल्या दोन हिवाळ्यांत तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. नंदलाल बोस, असित हलदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार मदतीला होते. तिने नोंदवलेला क्रम असा : पांढऱ्या गिलाव्यावर ठसठशीत लाल रेघ, त्यावर हिरव्या मातीचा पातळ एकरंगी थर, खालची लाल रेघ थोडी दिसेल असा. मग मूळ रंग, आणि शेवटी काळ्या-तपकिरी रंगाने रेघ पक्की.

गंमत म्हणजे याच बाईंनी 1899 मध्ये चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता. त्यातही त्वचेच्या रंगाखाली हिरवी माती लावायला सांगितलंय. अजिंठ्याचं माध्यम अर्थात वेगळं. तिथे तैलरंग नाहीत, सुक्या गिलाव्यावरचं काम आहे. पण खालचा थर विचारपूर्वक लावायचा, ही समज दोन्हीकडे आहे.

आता हात चालवू. सुरुवात अॅक्रेलिकने करा. बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट, बस्स. यांच्यापासून पाच टोन आधीच कालवून ठेवा. डोळे किलकिले करून विषयाकडे बघा, बारीकसारीक तपशील जातात आणि मोठे आकार उरतात. तेच आधी लावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पंख्याखाली अॅक्रेलिक पॅलेटवरच वाळतं. म्हणून थोडाच रंग काढा, पाण्याचा फवारा जवळ ठेवा, शक्यतो सकाळी बसा.

तैलरंगात करायचं असेल तर बर्न्ट अंबर टर्पेंटाइनने पातळ करा. तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक फार वेळ घेतो, म्हणून खालच्या थराला टाळलेला बरा. वरच्या थरांत तेलाचं प्रमाण वाढत गेलं पाहिजे. खाली तेलकट आणि वर पातळ झालं, की पुढे तडे जातात. घाई असेल तर खालचा थर अॅक्रेलिकचा आणि वर तैलरंग, हे चालतं. तैलरंगावर अॅक्रेलिक मात्र कधीच नाही, ते धरत नाही, सुटून येतं.

एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच मेहनत वाया जाते. वरचा प्रत्येक पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, चित्र थोडं गडद करतो. त्यामुळे एकरंगी थर अंतिम चित्रापेक्षा एक पायरी उजळ ठेवा. तो छान दिसतोय म्हणून तिथेच पूर्ण गडद केलात, तर तीन ग्लेझनंतर चेहरा काळवंडतो.

ग्लेझला रंग पारदर्शकच हवा. ट्यूबवर छोटा चौकोन असतो : रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. खूण नसेल तर कागदावर काळी रेघ मारून वाळू द्या, त्यावर रंग ओढा. रेघ स्पष्ट दिसली तर तो रंग ग्लेझला चालेल.

या आठवड्याचा अभ्यास : खिडकीजवळ एक कांदा ठेवा आणि फक्त पाच टोनमध्ये रंगवा. मग मोबाइलवर कांद्याचा आणि चित्राचा कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा. दोन्हीत उजेड-अंधार जुळला, की रंगाच्या ट्यूबा उघडा. तोवर नाही. ग्लेझ कसं चढवायचं ते पुढच्या भागात. भेटू.