ड्रायव्हरचा मुलगा



अकिरा कुरोसावा यांचा 'स्वर्ग आणि नरक' हा जपानी चित्रपट १९६३ सालचा. एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या 'किंग्ज रॅन्सम' या १९५९ सालच्या पोलिसी कादंबरीवर तो बेतलेला आहे. कामगारांत वावरणाऱ्या माणसाने अशा गुन्ह्याच्या कथेवर काय बोलावे, असे आपल्यापैकी कोणाला वाटले असेल. पण या कथेत पळवला जातो तो एका ड्रायव्हरचा मुलगा, आणि मला बोलायचे आहे ते त्या ड्रायव्हरविषयी.

योकोहामा शहरात टेकडीवर गोंदो यांचा बंगला. जोड्यांच्या कंपनीत हे गृहस्थ उमेदवारीपासून वर चढले. इतर संचालकांना दिसायला झकपक आणि टिकायला कुचकामी असा स्वस्त जोडा हवा आहे. गोंदो तो नमुना त्यांच्यासमोर हातांनी टराटरा फाडतात. ज्याने चामड्याचे काम केले आहे त्याला हे दृश्य पाहून बरे वाटेल! कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्यांनी राहते घरसुद्धा गहाण टाकले आहे. तोच फोन येतो : मुलगा आमच्याकडे आहे, तीन कोटी येन द्या. पण गोंदोंचा मुलगा तर घरातच! चुकून पळवला आहे त्याचा सवंगडी, ड्रायव्हर आओकी याचा शिनइची. चूक कळल्यावरही गुन्हेगार म्हणतो, पैसे तुम्हीच द्यायचे.

मॅकबेनचा धनी खंडणी देत नाही. कुरोसावांचे गोंदो देतात आणि बुडतात. त्यापूर्वी जवळजवळ तासभर कथा एकाच दिवाणखान्यात घोळते, आणि तिथे आओकी कोपऱ्यात मान खाली घालून उभा. एकदा तो धन्यापुढे जमिनीवर डोके टेकतो. मुलगा परत आल्यावर हाच आओकी पोलिसांना न सांगता त्याला मोटारीत बसवून लपण्याची जागा शोधीत हिंडतो. उपकार फेडायचे आहेत ना! असे वाकलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मागणीपत्रावर सही करताना हात थांबतो. मुलीच्या लग्नाला साहेबांनी उचल दिलेली असते. गोंदोंचा मोठेपणा मी नाकारीत नाही. पण आओकीच्या मुलाचा जीव त्या मोठेपणावर टांगलेला राहिला, हे मला खुपते.

पुढचा पोलीस तपास मोठा चटकदार आहे. आगगाडीच्या खिडकीच्या सात सेंटिमीटर फटीतून पैशांच्या बॅगा फेकणे, किंवा काळ्यापांढऱ्या चित्रपटात एकदाच दिसणारा गुलाबी धूर, हे पडद्यावरच पाहावे. गुन्हेगार ताकेउची इस्पितळातला उमेदवार डॉक्टर. खालच्या वस्तीतल्या खोलीतून तो रोज तो बंगला पाहत असे. त्याला आताच धरले तर अपहरणाबद्दल फार तर पंधरा वर्षांची शिक्षा होईल, म्हणून पोलीस त्याला मोकळा ठेवतात. त्याने आपल्या दोन साथीदारांना मारले आहे; तो गुन्हा शाबीत करून त्याला फाशी मिळावी, असा त्यांचा बेत. (प्रत्यक्षात जपानने खंडणीसाठी केलेल्या अपहरणाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा १९६४ साली ठरवली.)

या मोकळीकीत ताकेउची हेरॉईनची मात्रा अजमावून पाहतो, ती एका व्यसनी बाईवर. ती मरते. पोलीस त्याच्या मागावर असतानाच हे घडते. ड्रायव्हरच्या मुलासाठी पैसे द्यावेत की नाही यावर ज्या कथेत तासभर खल झाला, तीच कथा या बाईपाशी क्षणभरही थांबत नाही. पाठलाग तसाच पुढे चालू राहतो.