टीव्ही ट्यूनर कार्ड: वस्तू आपली, चावी कुणाकडे?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे हे काय जुनंपुराणं काढलंस? पण थांबा. टीव्ही ट्यूनर कार्ड ही वस्तू तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीही नसेल, तरी तिची गोष्ट तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचते. इअरफोन लावा, सुरू करूया.

साधारण २००० नंतरची काही वर्षं घ्या. घरात एक कॉम्प्युटर आला की वेगळा टीव्ही परवडेलच असं नाही. हॉस्टेलवर तर सोडाच. मग लोक ट्यूनर घ्यायचे. त्याचे दोन प्रकार. एक बाहेरचा डबा, मॉनिटरच्या वायरीत मध्ये बसायचा. कॉम्प्युटर बंद असला तरी मॉनिटरवर टीव्ही चालू! दुसरं कार्ड, कॅबिनेट उघडून पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचं.

आपल्याला रस आहे दुसऱ्यात. कार्डावर एक पत्र्याची छोटी डबी असायची. केबलची वायर तिथे लावायची. वायरीतून अनेक चॅनेल एकत्र येतात, त्यातलं एक निवडायचं काम या डबीचं. पुढे एक चिप, बऱ्याच कार्डांवर बीटी८७८ नावाची, त्या चित्राचे आकडे करायची. आवाजासाठी एक आखूड वायर साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये जायची.

आता थोडं गणित. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट. तासाभराचा कार्यक्रम जसाच्या तसा साठवायचा तर जवळपास ७५ जीबी! तेव्हा घरोघरी ४० किंवा ८० जीबीची हार्ड डिस्क. म्हणून रेकॉर्ड करताना प्रोसेसरला चित्र लगेच दाबून लहान करावं लागायचं, आणि साधा प्रोसेसर असला की चित्र अडखळायचं. महागड्या कार्डांवर या कामासाठी वेगळी चिपच असायची.

मग २०१२ उजाडलं. केबल डिजिटल करायचा कायदा आधीच झाला होता. ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी मुंबईची पाळी, मार्च २०१३ अखेर पुण्यासारख्या शहरांची. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा. वायर तीच, पण आतला सिग्नल बदललेला. ट्यूनरच्या डबीला त्यातलं काही कळेना. सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन कार्डाच्या व्हिडिओ इनपुटला लावली, तर चित्र यायचं, पण चॅनेल बदलायला मात्र बॉक्सचाच रिमोट.

हा पहिला फटका. तो समजू शकतो, तंत्रज्ञान बदलतं. दुसरा फटका मला जास्त खटकतो. विंडोज ६४-बिट झालं, जुने ड्रायव्हर चालेनात. नवे ड्रायव्हर लिहिण्यात कंपन्यांना फायदा नव्हता, म्हणून बऱ्याच जुन्या कार्डांसाठी ते आलेच नाहीत. कार्डाला काही धाड भरली नव्हती. तेच बीटी८७८ वालं कार्ड लिनक्सवर लावा, चालतं. कारण त्याचा बीटीटीव्ही ड्रायव्हर उघडा आहे, कुणीही वाचू शकतं, दुरुस्त करू शकतं. एकच वस्तू, एका मशीनवर भंगार आणि दुसऱ्यावर कामाची. फरक फक्त ड्रायव्हरचा.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. युरोपात डिजिटल टीव्ही बघायला पेनड्राइव्हएवढे स्वस्त यूएसबी ट्यूनर मिळायचे. आत रियलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप. ते डीव्हीबी-टी पद्धतीचे. आपल्या दूरदर्शनने जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ निवडलं, ते या चिपला झेपत नाही. म्हणजे इथे टीव्हीसाठी शून्य उपयोग. बरोबर?

पण या चिपवर एफएम रेडिओ ऐकायची सोय होती, आणि त्यासाठी ती एक गंमत करायची. हवेतला सिग्नल स्वतः न सोडवता त्याचे कच्चे आकडे सरळ कॉम्प्युटरला द्यायची. लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणारा फिनलंडचा आंटी पालोसारी याने २०१२ च्या सुरुवातीला हे जगासमोर मांडलं. ऑस्मोकॉम या प्रकल्पाच्या लोकांनी त्यावर आरटीएल-एसडीआर हे खुलं सॉफ्टवेअर बनवलं. बस्स! टीव्हीचा डोंगल झाला सॉफ्टवेअर रेडिओ. आर८२०टी ट्यूनर असलेला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो.

याचं काय करता येतं? आपल्या डोक्यावरून जाणारी बरीच विमानं आपली जागा आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात. डम्प१०९० हा छोटा प्रोग्राम ते वाचतो. तो लिहिलाय साल्व्हातोरे सानफिलिप्पोने. रेडिस डेटाबेस वापरणाऱ्यांना हे नाव माहीत असेल, तोच हा. अँटेना म्हणून सुमारे सात सेंटिमीटरची तार पुरते. गच्चीवर जा आणि बघा. आणखी पुढे जायचं तर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची खूण आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० मोठ्या डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटरची. त्याही ही खूण टिपतात. चांगली अँटेना आणि ॲम्प्लिफायर जोडून हौशी लोक याच डोंगलवर ती पकडतात! हां, एक गोष्ट. पोलिसांचं किंवा कुणाचं खासगी बोलणं ऐकायच्या भानगडीत पडू नका. ते गुन्ह्यात जाऊ शकतं.

आता तुमच्या फोनकडे या. बऱ्याच फोनच्या वायरलेस चिपमध्ये एफएम रिसीव्हर आधीच असतो. पण काही कंपन्या तो बंद ठेवतात, काही अँटेनाची जोडणीच देत नाहीत. पूर आला, मोबाइल टॉवर बंद पडले, तर माहिती मिळवायला रेडिओसारखं साधन नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना केली की एफएम असेल तर ते बंद करू नका. म्हणजे बघा, चिपचे पैसे आपण दिलेत आणि ती चालू ठेवायची की नाही हे ठरवणार दुसरंच कुणी!

म्हणून मी कुठलीही वस्तू घेताना तीन प्रश्न विचारतो. याचा ड्रायव्हर उघडा आहे का? कंपनीने उद्या हात वर केले तर हे चालेल का? आणि यातली माहिती मला थेट मिळते, की फक्त त्यांच्याच ॲपमधून? वेबकॅम असो, स्मार्ट बल्ब असो की हातातला बँड, तिन्ही प्रश्न लागू पडतात.

आणि घरात माळ्यावर जुनं कार्ड किंवा डोंगल पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरच्या चिपचा नंबर वाचा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरकं धरलं की दिसतो. तो नंबर आणि पुढे लिनक्स हा शब्द, एवढं शोधून बघा. आरटीएल२८३२यू निघाला तर ओटीजी वायर लावून अँड्रॉइड फोनवरही तो चालतो, त्यासाठी ॲप आहेत.

तुमच्याकडे काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!