कचरा कुठे आणि विहीर कुठे?

श्रोतेहो, उकिरडा आपल्याला नवा नाही. शेणकाला, पालापाचोळा कुजतो, त्याचे सोन्यासारखे खत होते. पण शहरच्या कचऱ्यात ओल्याबरोबर प्लॅस्टिक, काच, जुने सेलही येतात. अहिल्यानगर शहराचा असा कचरा बुरूडगावच्या शिवारात जाऊन पडला, आणि गावकऱ्यांना हरित लवादापर्यंत दाद मागावी लागली.

भीती कसली? ढिगावर पाऊस पडला की खालून काळे, घाण पाणी पाझरते. आपल्याकडचा खडक भेगाळ. त्या भेगांतून ते विहिरीला जाऊन मिळते.

म्हणूनच २०१६ च्या नियमांनी सांगितले : कचराभूमी नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी. तळाला पाणी न झिरपणारे अस्तर हवे. रोजचा कचरा रोज मातीने झाकावा. खत होईल ते तिथे नेऊच नये.

तुम्ही म्हणाल, ही शहराची गोष्ट. पण गुरुजी, एक दिवस मुलांना घेऊन गावच्या कचऱ्याच्या जागेपासून विहिरीपर्यंत टेप धरा. अंतर कमी भरले, तर मुलांचा तो आकडा ग्रामसभेत मांडा. पाणी नासल्यावर मोजून काय उपयोग?