बरोबरच्या चिन्हाविरुद्ध

‘अद्भुतकथांमधील ख्रिस्ती प्रतीके’ या विषयाचा आढावा अध्यक्षीय भाषणात घ्यावा, असं इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या या सभेच्या निमंत्रणात होतं. आढावा छापील प्रतीत आहे, घरी वाचा. मला इथे भांडायचं आहे. नोकरीत असताना जमलं नाही.

भांडण लुइसच्या नार्नियाच्या गोष्टीवरच्या परीक्षेच्या गाइडातल्या बरोबरच्या चिन्हाशी आहे. अस्लान = ख्रिस्त, एडमंड = यहूदा, चेटकीण = सैतान. तीन ओळी, पाच गुण, पुढचा प्रश्न. अहो, भावंडांना दगा देणाऱ्या एडमंडसाठी अस्लान हा सिंह जीव देतो आणि तोच एडमंड पुढे नार्नियाच्या गादीवर बसतो. यहूदाला कोणत्या शुभवर्तमानात गादी मिळाली?

बन्यनला हे चिन्ह लागू पडतं. १६७८च्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये निराशेच्या राक्षसाचं नावच निराशा, पाट्या लेखकानेच लावल्यात. मराठीत ते १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ म्हणून आलं, तेव्हा ही रीत आपल्यालाही जुनीच. पण लुइसला आधी दिसला तो बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, तोही वयाच्या सोळाव्या वर्षी. सिंह नंतर आला. पुस्तक १९५०चं.

सकाळी इथे दोन पक्ष पडले. बायबल वाचल्याशिवाय नार्निया शिकवू नये, असा एक; हा छुपा धर्मप्रचार आहे, शिकवूच नये, असा दुसरा. दोघांनाही मी माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वसईकडची, लहानपणापासून गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेत सामील होणारी. तिने लिहिलं, गेथशेमानेत येशू शिष्यांना जागं राहायला सांगतो आणि ते झोपतात. इथे एडमंडच्या बहिणी सुसान आणि लूसी जाग्या आहेत, मरणाला निघालेल्या अस्लानच्या आयाळीत हात खुपसून त्याच्याबरोबर चालल्या आहेत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिने मला आणून दाखवली. या परिच्छेदावर लाल शाईत आडवी रेघ आणि शेरा, ‘विषयांतर’. अहो, विषय तोच होता!

तिच्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याने बायबल कधी हातातही घेतलं नव्हतं. त्याने विचारलं, ‘सर, यात उंदीर कशाला?’ पाषाणाच्या मेजावर मरून पडलेल्या सिंहाच्या दोऱ्या कुरतडणारे ते उंदीर. बायबलात ते नाहीत, म्हणून गाइडातही नाहीत. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये कळतं की याच कामामुळे उंदरांना वाचा फुटली. तो मुलगा लुइसच्या जास्त जवळ पोचला होता. झाला तुमच्या वादाचा निकाल.

टॉल्किनचं थोडक्यात सांगतो. रूपककथेचा त्याला तिटकारा होता, आणि तरी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात कॅथलिक आहे, असं त्याने १९५३ साली एका जेझुइट मित्राला कळवलं. अंगठी नष्ट करायला निघालेली मंडळी रिव्हेंडेल सोडतात २५ डिसेंबरला, ती नष्ट होते २५ मार्चला, म्हणजे मरियेला देवदूताने वार्ता दिली त्या सणाच्या दिवशी. गोष्टीत यावर कोणी अवाक्षर काढत नाही. आता फ्रोडो = ख्रिस्त लिहून बघा. ऐन कड्यावर अंगठी वाहून नेणारा फ्रोडो ती टाकायला नकार देतो! ती हिसकावून कड्यावरून पडणारा गॉलम नसता तर सगळंच मुसळ केरात.

करण्यासारखं पुष्कळ आहे. स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून बाबा पदमनजींपर्यंतचे मराठी ख्रिस्ती उतारे नार्नियाशेजारी ठेवून एक वाचनपुस्तिका निघायला हवी. संपादन कोणी करायचं, पैसे कुठून आणायचे, ते कार्यकारिणी बघेल. मी प्रस्तावना लिहीन, जमल्यास. यंदाच्या प्रश्नपत्रिका काढणारे तिघे-चौघे याच सभागृहात बसले आहेत, हे मला ठाऊक आहे. चहाच्या वेळी त्यांनी मला टाळू नये.