फॉरमॅट मारण्याआधी



पत्रिकेवर विषय छापलाय ‘वर्डमधील मॅक्रोंचे दोष व निवारण’. निवारणाचा पहिला नियम आधीच सांगून टाकतो : मशीन फॉरमॅट मारू नका. (हशा) हसलात, कारण इथल्या निम्म्या लोकांनी हा सल्ला कधी ना कधी ऐकलाय. संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर आपल्याकडे हाच एक काढा पाजतात.

मॅक्रो म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. वर्ड 97 मध्ये आलेली व्हीबीए ही मॅक्रोंची भाषा, मार्च 1999 मध्ये मॅक्रोतून पसरलेला मेलिसा व्हायरस, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते न बोलावता चालणाऱ्या मॅक्रोंबद्दल. नॉर्मल टेम्प्लेटमधल्या मॅक्रोचं नाव ‘ऑटोएक्झेक’ असलं, की तो वर्ड सुरू होताच चालतो. ‘ऑटोओपन’ असलं, की फाइल उघडताच. ‘फाइलसेव्ह’ असं नाव दिलं, तर सेव्हची मूळ आज्ञा बाजूला राहते आणि आपला मॅक्रो धावतो.

एक उदाहरण देतो, मग पुढे जाऊ. एका मासिकाचा दिवाळी अंक छपाईला चालला होता. मुद्रितशोधकाने फाइल तपासून दिली. ऑपरेटरच्या मशीनवरून प्रिंट निघाली, तर ‘किरण’चं झालं ‘करिण’. (हशा) पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच. ऑपरेटरने उघडलेली फाइल एकदा तशीच सेव्ह झाली, तर पुढच्या खेपेला ‘करणि’. (मोठा हशा) वेलांटी दर वेळी एक घर पुढे! सगळा ठपका मुद्रितशोधकावर आला. माणूस वयस्क, शब्द तोलून बोलणारा. ‘मी बरोबर करून दिलंय’ एवढंच तो सांगत राहिला आणि कोणी ऐकेना. व्हायरस असेल म्हणून ऑपरेटरचं मशीन फॉरमॅट मारलं. नॉर्मल टेम्प्लेट मात्र आधी जपून ठेवला होता, कारण त्यात वर्षानुवर्षांचे शॉर्टकट आणि ऑटोटेक्स्ट होते. तो परत बसवला आणि वेलांटी परत चालू लागली.

मी शिफ्टची कळ दाबून धरली आणि मुद्रितशोधकाने दिलेली फाइल उघडली. ‘किरण’ अगदी बरोबर! शिफ्ट दाबली की ऑटोओपन चालत नाही. म्हणजे साठवलेली फाइल शुद्धच होती; उघडणाऱ्याच्या मशीनवर ती बिघडत होती. ऑल्ट-एफ11 दाबून पाहिलं, तर आत जुन्या फॉंटचं युनिकोड करणारा मॅक्रो. जुन्या फॉंटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून मॅक्रो ती पुढे सरकवायचा. अक्षरं बदलण्याचं काम जुन्या फॉंटपुरतंच होतं. सरकवण्याचं मात्र आधीच युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरावरही चालायचं. कोणीतरी सोयीसाठी त्याला ‘ऑटोओपन’ नाव दिलं आणि नोकरी सोडली. मॅक्रोचं नाव बदललं, प्रश्न संपला. मुद्रितशोधक पहिल्यापासून खरं बोलत होता! (टाळ्या)

(सभागृहातून : ‘मग मॅक्रो बंदच का करू नयेत?’)

नाही, साहेब. इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, ते योग्यच झालं. पण हजारो पानं जुन्या फॉंटमधून सोडवायची, तर हाताने कोण बसणार आहे? मॅक्रोने मराठीचं काम केलेलं आहे आणि ते मी कुणाला नाकारू देणार नाही. माझं भांडण आहे ते बेवारस मॅक्रोशी.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. उरलेलं भराभर सांगतो. ‘हिडन मॉड्यूलमध्ये कॉम्पाइल एरर’ असा संदेश आला, तर घाबरू नका. बहुतेकदा स्टार्टअप फोल्डरमध्ये कुलूपबंद जुनं अॅड-इन असतं, 32 बिटसाठी लिहिलेलं आणि 64 बिटच्या वर्डमध्ये अडकलेलं. ते बाहेर काढा, उत्पादकाकडून नवी आवृत्ती घ्या. एवढ्यानेही बिघाड गेला नाही, तर वर्ड ‘विनवर्ड /ए’ असं सुरू करा. मग अॅड-इन आणि नॉर्मल टेम्प्लेट दोन्ही बाजूला राहतात. तरीही बिघाड दिसला, तर तो दुसरीकडे शोधा. गेला, तर वर्ड बंद करून नॉर्मल टेम्प्लेटचं नाव बदला. वर्ड नवा तयार करतो आणि जुना तुमच्या हाताशी राहतो. संदेशाच्या चौकटीत ‘डीबग’ असेल तर ते दाबा. अडलेली ओळ पिवळी होते. ती वाचा.

आणि एक मागणं. तुमच्या कार्यालयात, छापखान्यात, शाळेत जो मॅक्रो आपोआप चालतो, त्याच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि काम नोंदवा. उद्याच नोंदवा. आणि पुढच्या वेळी माणसाला दोष देण्याआधी, मशीन फॉरमॅट मारण्याआधी, शिफ्ट दाबून फाइल एकदा उघडून पाहा.